थंड पाण्यातल्या शिडाच्या बोटीत हीटर कुठला बसवायचा

आमच्या वेलदूरला जानेवारीत पहाटे मतलई सुटली की गोधडी जरा वर ओढायची, तेवढ्यात भागतं, त्यामुळे बोटीत हीटर लावायचा हे इथे कुणाला सांगून पटत नाही. पण दाभोळ, जयगड, हर्णै या पट्ट्यातली किती पोरं जहाजावर गेली आणि तिकडेच राहिली बघा, कुणी ग्लासगोला, कुणी नॉर्वेत, कुणी व्हँकुव्हरला, आणि समुद्राची सवय सुटत नाही म्हणून तिथे एखादी जुनी २६-३० फुटी शिडाची बोट घेतात. उन्हाळा मजेत जातो. ऑक्टोबर लागला की मला फोन सुरू होतात, मामा हीटर कुठला घेऊ. मी स्कॉटलंडला क्लाइड नदीच्या मुखाशी एका बोटयार्डात नऊ हिवाळे काढलेत, हीटर बसवणं आणि दुसऱ्यांनी चुकीचे बसवलेले काढून परत लावणं हे माझं रोजचं काम होतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ही लिंक पाठवली की झालं.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, किती किलोवॉटचा घेऊ, आणि दुसरा, केवढ्याला पडेल. हे दोन्ही नंतर बघायचं. आधी हे विचारा की इंधन जळल्यावर जो धूर आणि जी वाफ तयार होते ती जाणार कुठे.

आमच्या आजीच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता, अजून आहे, आता माळ्यावर पडलाय. सकाळी उठून मधल्या नळीत करवंट्या आणि सोडणं टाकायची, आग नळीत, पाणी नळीभोवती, राख खालच्या जाळीतून पडणार आणि धूर वरच्या तोंडातून कौलांकडे. पाण्याला धुराचा वास कधी लागला नाही, कारण आग आणि पाणी यांची गाठच पडत नाही, मधे तांब्याचा पत्रा. आता बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आठवा. बाजेखाली निखारे, त्यावर ओव्याची धुरी, खिडकी बंद, आणि आजी दर थोड्या वेळाने येऊन दार किलकिलं करून जायची, म्हणायची कोंडून घेतलं की डोकं जड होतं गं. कार्बन मोनॉक्साइड हे नाव तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं पण काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. बोटीतले जळणाचे सगळे हीटर या दोन जातींचे, एक बंबाच्या जातीचे, म्हणजे आग बंद डब्यात, धूर नळीतून बोटीच्या बाहेर आणि केबिनला मिळते ती फक्त ऊब, आणि दुसरे शेगडीच्या जातीचे, म्हणजे जे काही जळलं ते सगळं केबिनमध्येच. झोपायच्या जागेत फक्त बंबाच्या जातीचा हीटर घ्या. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

शेगडीवाले कुठले म्हणाल तर रॉकेलचा स्टोव्ह, स्पिरिटचा हीटर, धुराडं नसलेला गॅसचा जाळीवाला हीटर, आणि लोक जेवणाच्या गॅसवर मातीची कुंडी उलटी ठेवून जो उद्योग करतात तो. कुंडीने उष्णता एक कॅलरीसुद्धा वाढत नाही, उलट ज्योत दबते, जळण अर्धवट होतं आणि विषारी वायू वाढतो. आणि विष बाजूला ठेवलं तरी पाण्याचं काय. एक किलो गॅस जळला की जवळजवळ १.६ लिटर पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं, रॉकेल लिटरभर जाळलं तर पाणीही लिटरभर, हे स्टोव्ह गळत असल्यामुळे होत नाही, जळणातच होतं, कितीही चांगला स्टोव्ह घ्या. त्यात दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि घामातून अर्धा लिटर आणखी. ती वाफ जाऊन बसते थंड काचेवर, हॅचच्या, म्हणजे छतातल्या झडपेच्या, अॅल्युमिनियमवर, गादीच्या खालच्या बाजूला, आणि पहाटे तोंडावर थेंब पडायला लागतात. माणूस म्हणतो बोट गळते. बोट गळत नसते, आपणच रात्रभर पाणी बनवत असतो.

इथे एक गोष्ट कोकणातल्या माणसाला मुद्दाम सांगावी लागते, कारण आपली सवय उलटी आहे. आपल्याकडे आषाढात बाहेरची हवा इतकी भरलेली असते की दारं-खिडक्या लावून बसलं तरच कपडे जरा बरे राहतात. २७ डिग्रीला ९० टक्के दमट हवेत घनमीटरमागे साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. स्कॉटलंडमध्ये ५ डिग्रीला, बाहेर पाऊस पडत असताना, पूर्ण भरलेल्या हवेतसुद्धा ७ ग्रॅमच्या आतच मावतं. तीच हवा आत घेऊन १८ डिग्रीपर्यंत तापवली की तिचा दमटपणा ४२ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे चक्क कोरडी. त्यामुळे तिकडे पाऊस आहे म्हणून सगळं गच्च लावून घ्यायचं नाही, थोडी बाहेरची हवा आत यायला आणि आतली ओली हवा बाहेर जायला वाट ठेवायची आणि हीटर चालू ठेवायचा. माझ्या भाच्याला हे पटायला एक आख्खा महिना लागला, व्हेंटमध्ये, म्हणजे हवा खेळायच्या भोकांत, तो कापडाचे बोळे कोंबायचा, आणि उशीखाली बुरशी. बोळे काढायला लावले, आठवड्यात फरक दिसला.

आता कुठला हीटर ते तुमची बोट रात्री कुठे असते यावर ठरतं. मरीनात धक्क्याला लागलेली असेल आणि विजेचा प्लग मिळत असेल तर पहिल्या हिवाळ्याला डिझेल-बिझेलच्या भानगडीत पडूच नका. आत तेल भरलेला साधा विजेचा रेडिएटर किंवा थर्मोस्टॅटवाला छोटा पंख्याचा हीटर, एक किलोवॉटचा, आतून इन्सुलेशनचा फोम लावलेल्या २८ फुटी बोटीला बऱ्याच रात्री पुरतो. तिथल्या धक्क्यावरच्या खांबाला सहसा १६ अँपिअर मिळतात, म्हणजे २३० व्होल्टला साडेतीन किलोवॉटच्या आसपास, त्यात किटली आणि बॅटरी चार्जरही धरा. केबल मात्र पूर्ण उलगडून ठेवा, वेटोळं करून लॉकरमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, टाकलेली केबल तापते आणि प्लास्टिक वितळतं, अशा दोन केबली मी हाताने सोडवल्यात. जोडीला ओलावा खेचणारं यंत्र घ्या, डीह्युमिडिफायर, पण कॉम्प्रेसरवालं नको, ते थंडीत नीट काम करत नाही, डेसिकंटवालं, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं घ्या, ते थंडीतही पाणी काढतं आणि वर थोडी ऊब देतं. उलटा चालणारा एसीही काही मोठ्या बोटींना असतो, तो समुद्राच्या पाण्यातली उष्णता ओढून केबिनमध्ये सोडतो, क्लाइडच्या बाजूला हिवाळा संपताना पाणी ७-८ डिग्रीला असतं तोवर चालतो, पाणी ४-५ डिग्रीवर गेलं की त्याचा दम संपतो, बाल्टिकला तर विचारच नको.

नांगरावर झोपणाऱ्याला विजेचा हीटर नाही. बॅटरीवर चालवू का असं विचारतात म्हणून हिशोब देतो. एक किलोवॉट दहा तास म्हणजे १० युनिट. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सव्वा युनिट, आणि साधी लेड-अॅसिड असेल तर त्यातलं अर्धंच वापरायचं. म्हणजे एका रात्रीला सोळा-सतरा बॅटऱ्या. विषय संपला.

मग राहतो डिझेलचा गरम हवेचा हीटर, आणि दहापैकी सात जणांना मी तोच सांगतो. वेबास्टो, एबरस्पेखर ही जर्मन नावं तुम्ही ऐकली असतील, ट्रकवाल्यांचे हीटर, तेच बोटीला. पुट्ठ्याच्या बुटाच्या खोक्याएवढा डबा, आत छोटी भट्टी, भट्टीभोवती पंख्याने हवा फिरते आणि नळ्यांतून केबिनमध्ये येते, भट्टीचा धूर वेगळ्या स्टीलच्या नळीतून हलच्या, म्हणजे बोटीच्या कवचाच्या, बाहेर. बंबच हा, पाण्याच्या जागी हवा. दोन किलोवॉटचा हीटर तासाला ०.१ ते ०.२८ लिटर डिझेल खातो, आठ तासांची रात्र दीड-दोन लिटरमध्ये निघते. इंजिनची टाकी आहेच, वेगळं इंधन वागवायला नको. ब्रिटनमध्ये लाल डिझेल, म्हणजे कमी कराचं रंगवलेलं डिझेल, भरताना इंजिनला किती आणि हीटरला किती ते सांगावं लागतं, कर त्याप्रमाणे लागतो, बरेच जण ६०-४० लिहितात.

किलोवॉटचा हिशोब आता करू. विनाइन्सुलेशन फायबरचा हल दर चौरस मीटरला दर डिग्रीला अंदाजे ५ वॉट बाहेर घालवतो. २८ फुटी बोटीच्या केबिनची सगळी आतली बाजू मिळून ३५-४० चौरस मीटर धरा, बाहेर ३ डिग्री, आत १८ हवेत, म्हणजे १५ चा फरक. ४० गुणिले ५ गुणिले १५, तीन किलोवॉट. आता लॉकरच्या मागे आणि छताच्या अस्तराखाली फक्त १० मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम चिकटवला तर ५ चे २ ते सव्वादोन वॉट होतात, म्हणजे तीन किलोवॉटचं काम दीडमध्ये. दहा मिलिमीटर! तो फोम एका शनिवार-रविवारात लागतो आणि त्याला कधी सर्व्हिसिंग लागत नाही. म्हणून मी प्रत्येकाला म्हणतो आधी फोम, मग हीटर. ३० फुटांपर्यंत फोम लावून दोन किलोवॉट, ३० ते ४० ला चार, त्यापुढे गरम पाण्याच्या सिस्टिमकडे बघा, ज्यात डिझेलवर पाणी तापतं आणि छोट्या रेडिएटरमधून फिरतं, अंघोळीलाही मिळतं, पण त्याला जागा आणि पैसा दोन्ही लागतं.

मोठाच घेऊन ठेवू, कमीवर चालवू, हा विचार अगदी करू नका. हे हीटर कमी आचेवर तासन् तास चालले की भट्टीत काजळी धरते, मग धूर, मग चालू होताना दोन-तीनदा प्रयत्न, मग बंद. योग्य मापाचा असेल तर तो बराच वेळ मोठ्या आचेवर चालतो आणि स्वतःला साफ ठेवतो. तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास फुल्लवर चालवा. आणि बंद करताना बटणानेच बंद करा, मेन स्विच काढू नका, बटण दाबल्यावर तो दोन-चार मिनिटं पंखा फिरवून भट्टी थंड करतो, मधेच वीज तोडली की आतली उष्णता आतच राहते आणि सेन्सर, वायरी भाजतात.

स्वस्तातले चिनी हीटर घ्यावेत का, हा प्रश्न येणारच. आतली भट्टी तीच जुनी रचना आहे, चालते. ५ किंवा ८ किलोवॉट असं खोक्यावर छापलेलं असतं त्यावर भरवसा ठेवू नका. पण खरी अडचण खोक्यातल्या बाकीच्या सामानाची आहे. सोबत येणारा सायलेन्सर ट्रकच्या खाली, उघड्या हवेत लावायचा असतो, त्याच्या पत्र्याच्या शिवणीतून धूर सुटतो, तळाला भोकही असतं, आणि तोच सायलेन्सर लोक बोटीच्या लॉकरमध्ये, झोपायच्या जागेपासून दोन हातांवर लावतात. घ्यायचाच असेल तर डबा घ्या आणि एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर नेणारी, नळी, सायलेन्सर, क्लॅम्प, हलमधून बाहेर जाणारं स्टीलचं फिटिंग हे सगळं बोटीसाठी बनवलेलं, गॅसबंद, वेगळं विकत घ्या. या सामानाचे पैसे डब्याच्या किमतीच्या जवळ जातात, ते सुरुवातीलाच बजेटमध्ये धरा.

हे मी इतकं आवर्जून का सांगतो ते सांगतो. तिकडे दुसऱ्या हिवाळ्यात मी एका जुन्या २७ फुटी बोटीवर राहायचो, हीटर आधीच्या मालकाने बसवलेला होता. पहाटे तीनला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, सलग चार-चार ठोके. मला आधी वाटलं बॅटरी संपली असेल, हात अलार्म काढायला वर गेला पण उठून बसल्यावर डोकं फिरलं, मळमळ, आणि मग कळलं. हॅच ढकलली, बाहेर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, आलो, पाऊस होता, तसाच बसून राहिलो अर्धा तास. सकाळी लॉकर उघडला. एक्झॉस्टची नळी सायलेन्सरच्या तोंडावरून बोटाच्या पेराएवढी मागे सरकलेली, कारण लॉकरमध्ये कोंबलेला फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात तो फुगा, तिच्यावर दाबत होता, आणि समोरच्या पांढऱ्या रंगावर काजळीचा पंखा उमटलेला, सुपारीच्या झावळीसारखा पसरलेला. पण धूर लॉकरमध्ये सुटला तर तो केबिनमध्ये आला कसा. कारण हीटर गरम करायची हवा त्याच लॉकरमधून ओढत होता. म्हणजे लॉकरमधला धूर हीटर स्वतःच गोळा करून नळीतून माझ्या उशाशी सोडत होता. त्या दिवसापासून मी एकही हीटर असा बसवला नाही, गरम करायची हवा एकतर केबिनमधून नळीने न्यायची किंवा नळीने सरळ बाहेरून आणायची, लॉकरमधून किंवा इंजिनच्या खोलीतून कधीच नाही. आणि एक्झॉस्टच्या वाटेवर लाकडी फळी ठोकायची, म्हणजे दोरखंड, फेंडर, शिडाची पिशवी काही तिला टेकणार नाही. ती नळी कागद पेटेल इतकी तापते, तिला काचेच्या दोऱ्याची पट्टी गुंडाळलेली असतेच, तरी टेकू द्यायचं नाही.

अलार्मचं बोललोच आहे तर, युरोपात बोटीसाठी वेगळं मानक आहे, ईएन ५०२९१ भाग २, तो आकडा अलार्मच्या मागे लिहिलेला बघून घ्या, घरात लावायचा भाग १ वाला नको. झोपल्यावर तोंड असेल त्या उंचीला, हीटरपासून एक ते तीन मीटर, कोपऱ्यात किंवा व्हेंटच्या अगदी जवळ नाही. हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका, सगळीकडे मिसळतो, वासही नाही रंगही नाही. अलार्मवर मुदत छापलेली असते, मुदत संपली की फेकायचा, जुना चालतोय म्हणून ठेवायचा नाही.

बसवताना बाकी गोष्टी पटकन सांगतो. एक्झॉस्ट हलमधून बाहेर पडायच्या आधी वर कमान घ्यायची, म्हणजे मागून लाट आली तरी पाणी भट्टीत जात नाही, बाहेरचं तोंड पाण्याच्या रेषेच्या चांगलं वर, बोट कलली तरी बुडणार नाही असं. टाकीतून डिझेल घ्यायला वेगळी नळी टाका आणि ती तळापर्यंत नेऊ नका, जरा वर ठेवा, म्हणजे हीटरने कितीही प्यायलं तरी बंदरात शिरायला इंजिनपुरतं डिझेल खाली उरतं, ही फार मोलाची गोष्ट आहे. पंप रबरावर बसवा, नाहीतर त्याची टिकटिक रात्रभर लाकडातून ऐकू येते. गरम हवेच्या नळ्यांना वळणं कमी, लांबी कमी, आणि थंड लॉकरमधून जाणाऱ्या भागाला इन्सुलेशन. एक फाटा ओले कपडे टांगायच्या लॉकरमध्ये काढा, घरची माणसं दुवा देतील.

आणि वायर जाड घ्या. चालू होताना ग्लो प्लग, म्हणजे भट्टी पेटवणारी विजेची कांडी, ८-१० अँपिअर ओढतो, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, हीटरला वाटतं बॅटरी संपली आणि तो बंद होतो. माझ्याकडे हीटर खराब झाला म्हणून आलेल्या बोटींपैकी कितीतरींचा हीटर ठणठणीत होता, दोष वायरचा किंवा गंजलेल्या फ्यूजचा. एकदा पेटला की मग एक-दोन अँपिअरवर चालतो, रात्रीला १० ते २० अँपिअर-अवर धरा.

ज्यांना वीज अजिबात खर्च करायची नाही, जे आठवडाभर एकाच खाडीत नांगर टाकून बसतात, त्यांच्यासाठी डिझेलची ठिबक-शेगडी आहे, डेन्मार्कची रेफ्लेक्स, कॅनडाची डिकिन्सन. नाव शेगडी असलं तरी जात बंबाची, डिझेल थेंबाथेंबाने भांड्यात पडतं, निळी-पिवळी ज्योत काचेतून दिसते, धुराडं सरळ छतातून वर. पंखा नाही, टिकटिक नाही. उत्तरेकडच्या मच्छीमार बोटींत ही वर्षानुवर्षं चालते आणि मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते, पण तिला उंच धुराडं लागतं, दीड मीटरच्या आसपास तरी, आणि ते छोट्या बोटीत बसत नाही, वारा वरून दाबला की धूर उलटा येतो, म्हणून वरची टोपी नीट निवडावी लागते. शिडं लावून कललेल्या बोटीत मी ती चालवत नाही, नांगरावरच पेटवतो.

लाकडाची छोटी शेगडी दिसायला सुंदर. पण सुकं लाकूड किलोला ४ युनिटच्या आसपास उष्णता देतं आणि डिझेल लिटरला १०, म्हणजे हिवाळाभर पुरेल इतकं लाकूड ठेवायचं कुठे, ते सुकं राहणार कसं, ठिणगी शिडावर पडली तर काय. बोटीवर कायम राहणाऱ्यांनी, धक्क्याला लागलेल्यांनी घ्यावी. बाकीच्यांनी नको.

गॅसचे बंद डब्याचे, धुराडंवाले हीटर चांगले असतात, शांत, लगेच पेटणारे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळात जाऊन साठतो आणि तिथून आपोआप बाहेर पडत नाही, म्हणून सिलेंडरचं लॉकर वेगळं, हवाबंद, आणि त्याच्या तळातून गळका गॅस सरळ समुद्रावर जाईल अशी नळी हवी. दुसरं, ब्युटेन शून्य डिग्रीच्या खाली वाफ होतच नाही, सिलेंडर भरलेला असून शेगडी पेटत नाही, थंडीत प्रोपेनच लागतो, तो उणे ४२ पर्यंत वाफ होतो. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं आणि इथे ते कधी अडत नाही, त्यामुळे हा मुद्दा आपल्या डोक्यातच येत नाही.

इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा पंखाही मिळतो, मोटारगाडीत असतो तसा. इंजिन चालू असताना फुकट ऊब, जोडीला असू द्या, एकटा पुरणार नाही.

आता इथल्यांसाठी, म्हणजे ज्यांची शिडाची बोट गोव्यात मांडवीत किंवा मुंबईसमोर मांडव्याला आहे आणि पावसाळ्यात केबिनला बुरशी येते म्हणून हीटर विचारतात. नका घेऊ. इथली हवा तापवून कोरडी करायची तर केबिन भट्टी होईल. धक्क्यावर वीज असेल तर कॉम्प्रेसरचं डीह्युमिडिफायर, इथल्या उष्णतेत तेच चांगलं चालतं, त्याची नळी सिंकमध्ये सोडून द्या आणि त्या काळात हॅच-व्हेंट बंद ठेवा. वीज नसेल तर दोन व्हेंट समोरासमोर उघडे, गाद्या उभ्या करून, सगळी लॉकरं आ वासून.

भाच्याचं शेवटी काय झालं ते सांगतो, कारण त्याचीच बोट २८ फुटी आणि तोच जास्तीत जास्त जणांचा नमुना आहे. पहिला हिवाळा धक्क्यावर विजेच्या रेडिएटरवर काढला, त्या काळात दर रविवारी फोम चिकटवला. दुसऱ्या वर्षी दोन किलोवॉटचा डिझेल हीटर घेतला, कॉकपिटच्या लॉकरमध्ये बसवला, हवा केबिनमधून, थोडी बाहेरून. मी व्हिडिओ कॉलवर होतो. पहिल्यांदा पेटवताना त्याला सांगितलं तसंच तुम्हीही करा. धक्क्यालाच, दिवसा, कुणीतरी सोबत असताना पेटवा. अलार्म आधी टेस्ट बटण दाबून बघा. लॉकर उघडा ठेवून टॉर्च आणि छोटा आरसा घ्या आणि एक्झॉस्टचा एकेक जोड मागच्या बाजूने बघा, पहिली दहा-पंधरा मिनिटं नव्या नळीचं तेल जळून वास येतो तो वेगळा, पण जोडाशी काळी रेघ दिसली तर बंद. मग सगळं लावून घ्या आणि तासभर फुल्लवर चालवून अलार्मचा आकडा बघा, तो शून्यच हवा. दहा तास चालल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळा, तापून-थंड होऊन ते सैल पडतातच. भाच्याचा एक अर्ध्या आट्याने सैल निघाला, सायलेन्सरच्या तोंडावरचाच.